फुलांची भाजी

(धर्मग्रामाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात भरलेल्या महिला मेळाव्यात प्रमुख धर्मगुरूंनी केलेले भाषण)



आजच्या मेळाव्यास प्रत्येक घराने वाडवडिलांच्या वेळचा एक पदार्थ करून आणावा आणि आणणारीने त्याविषयी दोन शब्द सांगावे, असे आपल्या महिला मंडळाने ठरविले. माझ्याकडे काम आले ते प्रास्ताविकाचे. पाच मिनिटे बोलून, अन्नावर आशीर्वाद मागून मी खाली बसावे अशी योजना होती, आणि ती शहाणपणाची होती. परंतु सकाळच्या मिस्सेनंतर मी सभागृहात येऊन मांडलेल्या ताटांवरून एक फेरी मारली. पदार्थ मोजले ते ४७ भरले. त्यांत फुलांचे पदार्थ अवघे तीन निघाले. केळफुलाची भाजी दोन घरांची, आणि भोपळ्याच्या फुलांची भजी एका घरची. शेवळांचा हा ऋतू नव्हे, तेव्हा त्यांस क्षमा केली पाहिजे. शेवग्यालाही अजून अवकाश आहे. परंतु हादगा ऐन बहरात असता एकाही ताटात हादग्याचे फूल नसावे, याचे मला मनापासून वाईट वाटले. म्हणून लिहून आणलेले प्रास्ताविक मी खिशात ठेवले आहे, आणि फुलांच्या भाजीविषयीच चार शब्द बोलण्याची अनुज्ञा आपणांपाशी मागत आहे.

धर्मगुरूने चुलीविषयी बोलावे हे काही मंडळींस विपरीत वाटेल. सेमिनरीत आम्हांस तत्त्वज्ञान शिकविले, ईशज्ञान शिकविले, लॅटिनचीही थोडी ओळख करून दिली. पाकशास्त्र काही शिकविले नाही. माझे या विषयातले शिक्षण त्यापूर्वीचे आहे. आम्ही तिघे भाऊ, बहीण नाही, आणि मी शेंडेफळ. थोरले दोघे वडिलांबरोबर वाडीत पाटाचे पाणी फिरवीत, केळीचे बुंधे साफ करीत. आणि कुदळ उचलण्याइतका मोठा न झालेला मी आईच्या हाताखाली ओट्यावर बसून भाजी निवडीत असे. वसईच्या वाड्यांतून ज्यांचे बालपण गेले त्यांस हे चित्र निराळे सांगावयास नको. विहिरीचे पाणी, केळी, नारळ, पानवेलीचे मांडव, बांधावर शेवगा आणि हादगा, आणि कोपऱ्यात बावखल. त्या बावखलातील पाण्यात माझ्या किती चपला बुडाल्या याचा हिशेब आईपाशी होता.

आमच्या घरी शुक्रवारी मांस शिजत नसे. १९६६ साली पोप सहावे पॉल यांनी उपवासाचे व मांसवर्जनाचे नियम पुष्कळ सौम्य केले, परंतु ती वार्ता आईच्या चुलीपर्यंत कधी पोहोचली नाही. वर्षाचे सारे शुक्रवार तिने शेवटपर्यंत पाळले. मासळीस त्या दिवशी मनाई नव्हती. पण पावसाळ्यात होड्या किनाऱ्याला लागलेल्या, मासळी महाग आणि सुकटही जपून वापरावयाची. अशा वेळी शुक्रवारचे जेवण फुलांनी चालविले. म्हणून माझ्या मनात वर्षाचे महिने फुलांच्या नावांनी राहिले आहेत. पहिल्या पावसाला शेवळ, श्रावण-भाद्रपदात भोपळ्याची फुले, पुढे हादगा, नाताळनंतर शेवगा; आणि केळफूल बाराही महिने. राखेचा बुधवार येई तो शेवग्याच्या फुलांत, आणि आम्हां मुलांस वाटे की देवळात कपाळावर राख लावतात आणि घरी शेवग्याची फुले खातात, हे दोन्ही मिळून एकच प्रायश्चित्त आहे. अंडे घालून परतलेली ती भाजी पुढे इतकी आवडू लागली की तिच्यात प्रायश्चित्त म्हणावे असे काही उरले नाही.

परंतु फुले खाण्यात एक अडचण आहे, आणि ती प्रत्येक शेतकऱ्यास ठाऊक आहे. फूल खाल्ले की फळ गेले. गरिबाच्या वाडीत ही चैन परवडणारी नव्हती. मग आमच्या आया आणि आज्या आठवड्याच्या आठवड्याला फुले शिजवीत, त्या कोणत्या हिशेबाने? मोठेपणी वनस्पतिशास्त्राचे एक पुस्तक हाती आले तेव्हा मला उमगले की त्या बहुतेक अशीच फुले खुडीत की ज्यांच्या खुडण्याने फळास धक्का लागत नाही. हे त्यांस कोणी पुस्तकातून सांगितले नव्हते. पण चुलीवर चढणाऱ्या पुष्कळ फुलांना हा नियम लागू पडतो, हे पाहून मी थक्क झालो.

भोपळ्याचेच पाहा. त्याच्या वेलावर दोन जातींची फुले येतात. एक लांब बारीक देठावर उभे असते, ते नरफूल. दुसऱ्याच्या बुडाशी लहानसा भोपळा आधीच बसलेला असतो, ते मादीफूल. वेलावर आधी नरफुलेच पुष्कळ येतात. आई भल्या सकाळी, फूल उमललेले असतानाच वेलापाशी जाई, कारण दुपार होईपर्यंत ते मिटून कोमेजते. बुडाशी गाठ असलेल्या फुलाला तिचा हात कधी लागला नाही. नरफुलांतलीही ती सगळी खुडीत नसे. ‘चार भुंग्यांना राहू दे’ असे ती म्हणे. ती चार फुले राहिली नाहीत तर मादीफुलाला पराग मिळत नाही आणि कोवळा भोपळा पिवळा पडून गळतो. जाता जाता सांगतो, हा तांबडा भोपळा आपल्या देशाचा मुळीच नव्हे. मिरची आणि पपई यांच्याप्रमाणे तो अमेरिका खंडातला, युरोपीय लोकांच्या जहाजांनी समुद्र ओलांडल्यानंतर इकडे आला. चारशे-पाचशे वर्षांत तो आपल्या बांधावर असा पसरला आहे की त्यास परका म्हणण्याचे धैर्य कोणास होणार नाही.

केळीच्या घडातही तेच. फण्या धरतात त्या मादीफुलांपासून. त्या संपल्यावर खाली जे जांभळे कमळ लोंबत राहते त्यात बहुतेक नरफुले असतात; त्यांपासून केळे होत नाही. फण्या बसल्या की ते कापून घेतलेले बरे, कारण त्याच्या पोषणात जाणारा रस मग घडाला मिळतो. म्हणजे केळफुलाच्या भाजीने घड उणा होत नाही, उलट भरतो. शेवग्याला फुले येतात ती हजारोंनी, आणि त्यांतली थोडकीच शेंगेपर्यंत जातात. बाकीची आपोआप गळतात. आई रात्री झाडाखाली जुने लुगडे पसरी आणि पहाटे ते चार कोपरे धरून उचली. त्यातील मुंग्या झाडून टाकण्याचे काम माझे होते.

या नियमाचा सर्वांत मोठा दाखला मात्र मला वाडीत मिळाला नाही, तो डहाणूच्या डोंगरपट्टीत मिळाला. तरुणपणी मी काही वर्षे त्या बाजूस सहायक धर्मगुरू होतो. मार्च महिन्यात पहाटे एका पाड्याकडे निघालो असता मोहाच्या झाडाखाली बायकामुले टोपल्या घेऊन वाकलेली दिसली. जमीन फिकट पिवळ्या, रसाळ, मण्यांसारख्या फुलांनी भरून गेली होती आणि वरून आणखी टपटप पडत होती. हात लावून एकही फूल तोडलेले नव्हते. एका वृद्ध बाईने तांदळाच्या पिठात मोहफुले घालून केलेली भाकरी मला दिली. मी शहाणपणाने विचारले, सगळी फुले वेचली तर झाडाला फळ कसे यायचे? तिने नुसते वर बोट दाखविले. मोहाच्या फुलाची मांसल पाकळी तेवढी गळते. ज्यातून फळ व्हावयाचे तो भाग फांदीवरच राहतो, आणि पुढे त्याच फळांच्या बियांचे तेल निघते. त्या लोकांच्या घरी टंचाईच्या दिवसांत वाळविलेली मोहफुले हेच धान्य होते. असे असता १८९२ साली मुंबई सरकारने मोहफुलांसाठी स्वतंत्र कायदा करून ठाणे व कुलाबा जिल्ह्यांत ती गोळा करण्यावर व बाळगण्यावर निर्बंध घातले, कारण त्यांपासून घरोघरी दारू निघते आणि सरकारचे उत्पन्न बुडते. दारूचे दुष्परिणाम मी आपल्या धर्मग्रामातही पाहिले आहेत आणि तिची बाजू मी घेणार नाही. पण भाकरीतले फूल आणि भट्टीतले फूल यांत भेद न करणारा कायदा कोणी केला असेल त्याने ती भाकरी खाल्ली नव्हती, एवढे खास.

शेवळाविषयी थोडक्यात सांगतो, कारण ते करणाऱ्या हाताने शिकविल्याशिवाय करूच नये. पहिल्या पावसात रानात जमिनीतून जो जांभळट कोंब वर येतो, तो पाला नव्हे, तो फुलोरा होय. त्यात सुईसारखे सूक्ष्म स्फटिक असतात आणि ते घशाला टोचतात. म्हणून आतील पिवळा दाणेदार भाग काढून टाकावयाचा, आणि काकडांचा रस, निदान चिंच, घालून शिजवावयाचे. आमच्या घरी त्यात सोडे पडत. एका वर्षी काकडे मिळाली नाहीत आणि चिंचही हात राखून पडली. त्या शुक्रवारी आमच्या घरात संध्याकाळच्या रोझरीचा आवाज जो बसला तो शनिवारी उघडला.

फूल म्हटले की आपणांस वाटते ही काही दुर्मिळ वस्तू आहे. परंतु येथे बसलेल्या प्रत्येक भगिनीच्या मसाल्याच्या बरणीत फूल आहे. लवंग ही झाडाची न उमललेली कळी होय. ती खुडून वाळविली की लवंग झाली. नागकेशरही तसेच. उलट दगडफूल हे फूलच नव्हे, ते खडकावर व झाडाच्या सालीवर वाढणारे, बुरशी व शैवाल मिळून झालेले काहीतरी आहे; आणि चक्रीफूल हे फळ आहे. नावात फूल ते फूल नव्हे आणि फूल आहे त्याच्या नावात फूल नाही. फ्लॉवरची भाजी तर लग्नाच्या पंगतीतही चालते. मग हादगा वाढावयास संकोच का वाटावा, हे मला कळत नाही. जुन्या काळी पारिजातकसुद्धा स्वयंपाकात होता. गार्सिया द ऑर्ता या पोर्तुगीज वैद्याने १५६३ साली गोव्यात छापलेल्या आपल्या ग्रंथात त्या झाडाची हकीकत दिली आहे. फुलांचे केशरी देठ अन्नाला रंग आणण्यास केशराऐवजी वापरीत, असे त्यात आहे. आमच्या आजीच्या घरी गोड भाताला हाच रंग असे. केशर आम्ही फक्त शास्त्रपाठात ऐकले होते.

येथे एक सावधगिरीची सूचना केल्यावाचून मला पुढे जाववत नाही, कारण उत्साहाच्या भरात कोणी मूल काहीही तोंडात घालील. कण्हेर विषारी आहे, धोतरा विषारी आहे. त्यांस चुलीजवळ आणू नये. आणि बाजारातून हारासाठी आणलेली फुले खाण्याची नव्हेत, मग ती कोणत्याही जातीची असोत. त्यांवर औषधे फवारलेली असतात. जे फूल आपल्या ओळखीच्या झाडाचे आहे तेच ताटात यावे.

आता केळफुलाकडे येतो. केळफूल शिजवावयास अर्धा तास लागतो आणि निवडावयास अख्खी संध्याकाळ. हातांना खोबरेल चोळावयाचे, नाहीतर चिकाने बोटे काळी होतात. एक जांभळे पान उचलावे, त्याखाली दहा-पंधरा फुले ओळीने बसलेली. प्रत्येक फुलात एक ताठ काडी, टोकाला टाचणीच्या डोक्यासारखी गाठ, ती कितीही शिजविली तरी शिजत नाही. तिच्याजवळ एक पारदर्शक पापुद्रा. दोन्ही काढावयाचे, फूल ताकाच्या पाण्यात टाकावयाचे, की पुढचे घ्यावयाचे. रात्रभर ते भिजत राही, आणि सकाळी काळ्या वाटाण्यांबरोबर, वर ओले खोबरे घालून शिजे. गुरुवारची संध्याकाळ आमच्या घरी अशी जाई. थोरले दोघेही तेव्हा हातपाय धुऊन येऊन बसत, आणि आई एकेक पान उचलून ओळी वाटून देई: ही तुझी, ही तुझी. घरातले सारे बोलणे त्या वेळी होई. कोणाच्या गणिताच्या पेपरात काय झाले, वडिलांनी कोणाचे उसने घेतले, मधल्याला मुंबईत नोकरी धरावीशी वाटते. मी सेमिनरीत जाण्याचा विचार प्रथम सांगितला तोही केळफुलाच्या ओळीवर. आईने उत्तर दिले नाही. तिने आपली ओळ पुरी केली आणि माझी उरलेली ओळ स्वतःकडे ओढून घेतली.

बंधुभगिनींनो, इतके सांगितल्यावर हादग्याचे सांगितले पाहिजे, आणि ते सांगणे मला सोपे नाही. माझ्या दोन्ही भावांस मी आधी विचारले आहे. थोरल्यांनी ‘सांग’ म्हटले. मधले फोनवर ‘तुझे तू बघ’ एवढेच म्हणाले. त्यास मी अनुमती समजतो.

हादगा आमच्या वाडीच्या मध्यावर, बांधावर होता. पांढऱ्या, होडीच्या आकाराच्या मोठ्या फुलांचा. वडील गेल्यानंतर, आणि वाड्यांच्या जमिनींना पूर्वी कोणी स्वप्नातही न पाहिलेला भाव आल्यानंतर, २००४ साली वाटणी झाली. मी माझा हिस्सा सोडून दिला होता आणि त्याचा मला थोडा अभिमानही होता. हिस्सा सोडला की कज्ज्यातून सुटलो अशी माझी समजूत. वाटणीची रेघ नेमकी हादग्याच्या बुंध्यावरून गेली. झाड कोणाचे यावरून दोन घरांत बोलाचाली झाली, आणि मग बोलणेच बंद झाले. फुले मात्र दोहीकडे पडत. आई पहाटे उठून दोहीकडची वेची, एकाच कढईत भाजी करी आणि पितळी वाट्या भरून दोन्ही सुनांकडे स्वतः नेऊन देई. आमच्याकडे शेजारून आलेली वाटी रिकामी परत करीत नाहीत. काही नाही तर चार लिंबे घालून पाठवितात. त्या सात वर्षांत दोन घरांत जे काही देणेघेणे राहिले ते आईच्या वाट्यांतून. २०११ साली ती गेली. दोन वर्षांनी कुंपणाची भिंत बांधावयाची म्हणून हादगा तोडला. वाट्या मी माझ्याकडे आणून ठेवल्या, आईची आठवण म्हणून. आज वाटते, त्या मी आणावयास नको होत्या.

मी पंचवीस वर्षांहून अधिक काळ वेदीवरून समेटाविषयी बोलत आलो आहे. या धर्मग्रामातल्या निदान पाच-सहा घरांच्या ओट्यांवर बसून मी भावाभावांची समजूत घातली आहे, आणि ती मंडळी या सभागृहात आहेत. माझ्या स्वतःच्या दोन भावांच्या मध्ये मी एकदाही बसलो नाही. विचारले तर सांगे, मी धर्मगुरू, मी कोणाच्या बाजूचा नव्हे. आईच्या पुण्यतिथीच्या मिस्सेला दोन्ही घरे येतात, देवळाच्या दोन बाजूंस बसतात, आणि मी मधोमध उभा राहून प्रार्थना म्हणतो.

गेल्या वर्षी त्या मिस्सेनंतर थोरल्या वहिनी मला सॅक्रिस्टीत भेटल्या. लहानपणी त्या मला भावजी म्हणत, आता फादर म्हणतात. त्या म्हणाल्या, ‘फादर, एक विचारू? बाजारातून हादगा आणून मी कितीदा केला, पण सासूबाईंची चव येत नाही. त्यांनी काहीतरी मधलीला सांगितले आणि मला सांगितले नाही.’ मी हसून वेळ मारून नेली. पुढच्याच आठवड्यात मधल्या वहिनींचा फोन आला, दुसऱ्या कामासाठी. आणि बोलता बोलता त्यांनी विचारले, ‘हादग्यात सासूबाई काय घालीत? थोरलीला ठाऊक आहे. तिला विचारण्याची माझी सोय नाही.’

फोन ठेवून मी विचार करीत बसलो. आई काय घाली? काहीच नाही. फुलांचे देठाकडचे हिरवे टोपण काढावयाचे, आतील केसराची कडू काडी काढावयाची, फुले धुऊन चिरावयाची; कांदा, लसूण, हिरवी मिरची तेलावर परतून त्यात भिजविलेली मुगाची डाळ आणि फुले टाकावयाची, पाणी घालावयाचे नाही, वर झाकण, शेवटी खोबरे. हेच दोघी करीत होत्या. मग मला ओट्यावरचा मी आठवलो. हादगा निवडण्याचे काम माझे असे, आणि मी आळशी होतो. शेवटची मूठभर फुले मी काडी न काढताच टोपलीत ढकलीत असे. एकदा आईने ते पाहिले. मी मार खाण्याच्या तयारीने बसलो. तिने ती फुले बोटांनी वर-खाली केली आणि म्हणाली, ‘राहू दे. थोडे कडू असू दे.’ तेव्हापासून पुढे, मी सेमिनरीत गेल्यावरही, ती दहातली दोन फुले तशीच ठेवीत असावी. सुना मात्र शिस्तीच्या घरच्या. त्या एकूण एक काडी काढीत. गुपित कोणी कोणापासून चोरले नव्हते. ते माझ्या आळसाचे गुपित होते, आणि वीस वर्षे त्या दोघी त्यावरून एकमेकींचा संशय घेत राहिल्या.

हे दोघींना फोनवर सांगून टाकणे सोपे होते. पण फोनवर सांगितले असते तर दोघींनी आपापल्या घरी भाजी केली असती आणि गोष्ट तेथेच संपली असती. पाद्रीबंगल्याच्या मागील भिंतीशी मी दोन वर्षांपूर्वी पावसाळ्यात हादग्याचे बी लावले होते. झाड लवकर वाढते. गेल्या महिन्यात पहिली टोपलीभर फुले निघाली. ती मी स्वतः निवडली, दहातल्या दोन काड्या ठेवून. आणि आपल्या बंगल्यातील स्वयंपाकीण मावशींच्या देखरेखीखाली, त्यांच्या दृष्टीने पुष्कळ चुका करीत, भाजी केली. आईच्या दोन्ही वाट्या चिंचेने घासून भरल्या आणि स्कूटरवरून घेऊन गेलो. मनात असे होते की दोन्ही घरी सांगावे, चव जमली की नाही हे एकमेकींना विचारून मला कळवा.

थोरल्या वहिनींनी दारातच, उभ्यानेच, एक घास खाल्ला. बराच वेळ त्या काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, ‘हीच.’ मी त्यांस काडीची गोष्ट सांगितली. त्या आधी हसल्या आणि मग पदराने डोळे पुसू लागल्या, आणि आतून थोरले बंधू काय झाले म्हणून बाहेर आले. मधल्या घरी वहिनी नव्हत्या, कामावर गेल्या होत्या. पुतण्याच्या हाती वाटी दिली आणि निरोप सांगितला. तो त्याने नीट सांगितला की नाही कोण जाणे, त्याचे एक लक्ष मोबाइलमध्ये होते.

हादग्याचे बी पुष्कळ धरेल असा रंग आहे. शेंगा वाळल्या की ते सॅक्रिस्टीत ठेवीन. ज्यांच्या दारी हातभर जमीन उरली आहे त्यांनी मिस्सेनंतर मागून न्यावे. इमारतीत राहणाऱ्यांसाठी बंगल्यामागचे झाड आहेच. पहाटे यावे, कापडी पिशवी आणावी, आणि खाली पडलेली आधी वेचावी.

थोरल्या वहिनींची वाटी परवाच्या रविवारी परत आली. तिच्यात भोपळ्याच्या फुलांची भजी होती. आज येथे त्याच जिनसाचे एक ताट पाहून मला ती पुन्हा आठवली. दुसरी वाटी अजून मधल्या घरीच आहे.